आपलें कोणतें आणि परकें कोणतें? — सर मॅक्फार्लेन बर्नेट यांचें संशोधनकार्य

विद्यार्थिमित्रहो, लहानपणीं दंडावर लस टोंचून घेतली नाहीं असा तुमच्यांत क्वचितच कोणी असेल. सुई टोंचतांना तुम्ही रडलां असाल, रात्रीं अंग थोडें तापलें असेल, आणि दुसऱ्या दिवशीं तें सर्व विसरून तुम्ही खेळावयास गेलां असाल. परंतु तुम्ही विसरलां तरी तुमचें शरीर विसरलें नाहीं. त्या रोगाची ओळख त्यानें वर्षानुवर्षें जपून ठेविली. शरीर ही आठवण कशी ठेवतें, हा एक प्रश्न. दुसरा प्रश्न तुमच्या आईवडिलांचा आहे. निरोगी, हसत्याखेळत्या मुलाचा दंड सुईपुढें करावयाचा, तो कोणत्या भरंवशावर? ह्या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें ज्या एका शास्त्रज्ञाच्या चरित्रांत एकत्र सांपडतात, त्याची ओळख करून देण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

फ्रँक मॅक्फार्लेन बर्नेट यांचा जन्म ३ सप्टेंबर १८९९ रोजीं ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतांतील ट्रॅराल्गन ह्या लहानशा गांवीं झाला. वडील बँकेचे व्यवस्थापक होते. मुलगा स्वभावानें लाजाळू व एकलकोंडा. त्याचें मन मित्रमंडळींत फारसें रमत नसे. रानांतून भटकावें, भुंगेरे गोळा करावे, घरीं आणून त्यांची जातवार मांडणी करावी, हा त्याचा आवडता उद्योग. दोन भुंगेरे दिसावयास सारखे असले तरी ते एकाच जातीचे असतील असें नाहीं, हें ज्याला लहानपणींच कळलें, त्याच्या डोळ्यांना पुढें जंतूंच्या जगांतहि तेंच दिसलें. मेलबर्न विद्यापीठांत वैद्यकीचें शिक्षण घेऊन ते १९२२ सालीं पदवीधर झाले व तेथील वॉल्टर अँड एलायझा हॉल संशोधनसंस्थेंत कामास लागले. १९२५ पासून दोन वर्षें त्यांनीं लंडनच्या लिस्टर संस्थेंत जंतुभक्षक विषाणूंचा, म्हणजे जंतूंनाहि रोगी करून मारणाऱ्या विषाणूंचा, अभ्यास केला.

विषाणु म्हणजे काय, हें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. घटसर्पाचा किंवा पटकीचा जंतु साध्या सूक्ष्मदर्शकांतून दिसतो व योग्य अन्न दिलें तर कांचेच्या बशींतहि वाढतो. विषाणु त्याहून कितीतरी लहान. त्याला स्वतःचा संसार नाहीं. जिवंत पेशींत शिरावें, तिच्याच साधनांनीं आपल्या हजारों प्रती काढून घ्याव्या व पुढील पेशींत शिरावें, हा त्याचा क्रम. देवी, गोंवर, पोलिओ, इन्फ्ल्यूएंझा हे सर्व विषाणूंचे रोग होत. ज्याला वाढविण्यासाठीं जिवंत पेशी लागते, त्याचा अभ्यास करणें किती कठीण असेल, ह्याची कल्पना ह्यावरून येईल.

बर्नेट मायदेशीं परतले आणि थोड्याच दिवसांत एका भयंकर प्रसंगाशीं त्यांची गांठ पडली. १९२८ च्या जानेवारी महिन्यांत क्वीन्सलंड प्रांतांतील बंडाबर्ग गांवीं मुलांना घटसर्पाची प्रतिबंधक लस टोंचण्याचें काम चाललें होतें. एके दिवशीं २१ मुलांना लस टोंचली. त्यांतील १२ मुलें एकदोन दिवसांतच दगावलीं. रोगापासून वांचविण्यासाठीं ज्या आईबापांनीं मुलें आणलीं, त्यांच्याच हातीं तीं निष्प्राण देण्याची वेळ आली. सरकारनें चौकशीसमिति नेमली. समितीचे प्रमुख हॉल संस्थेचे संचालक चार्ल्स केलावे हे होते, आणि जंतुपरीक्षेचें काम तरुण बर्नेटकडे आलें.

हें काम केवळ बुद्धीची परीक्षा पाहणारें नव्हतें. लस टोंचणें हा वैद्यांचा धंदा, व बर्नेट स्वतः त्याच धंद्यांतले. दोष मुलांच्या प्रकृतीवर किंवा दैवावर ढकलून मोकळें होणें अशा वेळीं सोपें असतें. बर्नेट यांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं बाटलींतील उरलेली लस तपासली, वांचलेल्या मुलांच्या गळवांतील पू तपासला, आणि दोहोंकडे एकच जंतु सांपडला. गळवें करणारा स्टॅफिलोकॉकस नांवाचा तो जंतु होता. लशींत जंतुनाशक औषध घातलेलें नव्हतें. एकाच बाटलींत दिवसामागून दिवस सुई घालून लस काढली जात होती, आणि तिकडच्या ऐन उन्हाळ्याच्या उष्णतेंत आंत शिरलेला जंतु वाढत गेला होता. लशीची कल्पना खोटी नव्हती. ती हाताळण्याची रीत घातक होती. ज्या बाटलींतून पुन्हां पुन्हां लस काढावयाची, तींत जंतुनाशक असलेंच पाहिजे, असा स्पष्ट निष्कर्ष समितीनें काढला. आज लशीच्या बाटलीवर मुदत छापलेली असते, ती थंड पेटींत ठेवतात, उघडलेली बाटली ठराविक वेळेनंतर टाकून देतात. ह्या सर्व नियमांच्या मागें अशा दुर्घटनांतून घेतलेले धडे आहेत.

असाच एक प्रसंग आपल्या देशांतहि पूर्वीं घडला होता. मुंबईस प्लेगची लस शोधून काढणारे डॉक्टर वॉल्डेमार हाफकिन यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःला टोंचून घेतली होती. पुढें १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं एका बाटलींतील लस टोंचलेले १९ लोक धनुर्वातानें मेले. ठपका हाफकिन यांच्यावर आला व त्यांना पद सोडावें लागलें. बाटली प्रयोगशाळेंतून निर्दोष गेली होती व दोष ती गांवांत उघडतांना शिरला, असें ठरून १९०७ सालीं ते दोषमुक्त झाले. चौकशी नीट न झाल्यास एक निरपराध मनुष्य बदनाम होतो, आणि खरें कारण तसेंच राहून पुढच्या मुलांचा जीव धोक्यांत येतो, हें ह्या दोन्ही गोष्टी शेजारीं ठेवून पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें.

बंडाबर्गच्या चौकशींतून बर्नेटना एक अनपेक्षित प्रश्नहि मिळाला. त्या जंतूचें निर्विष केलेलें विष ते सशांना टोंचून पाहूं लागले. पहिल्या टोंचणीनंतर सशाच्या रक्तांत विषाचा प्रतिकार करणारें द्रव्य हळूहळू व थोडेंच उत्पन्न होई. दुसऱ्या टोंचणीनंतर मात्र तें झपाट्यानें वाढे. आणि ती वाढ दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा अशा पटीची होती. अशी वाढ बर्नेट यांनीं दुसरीकडे नेहमीं पाहिली होती, ती जंतूंची प्रजा वाढतांना. मग शरीरांतहि कांहीं जिवंत वस्तूच वाढत असेल काय? त्या वेळीं उत्तर मिळालें नाहीं. परंतु हा प्रश्न त्यांनीं जवळजवळ तीस वर्षें मनांत जागा ठेविला.

मध्यंतरीं विषाणुरोगांवरील त्यांचें काम चालूच होतें. १९३१ सालीं डॉ. जीन मॅक्नमारा ह्या विदुषींच्या सहकार्यानें त्यांनीं पोलिओविषयीं एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. एका ठिकाणच्या पोलिओविषाणूनें आजारी पडून बरें झालेलें माकड दुसऱ्या ठिकाणच्या पोलिओविषाणूनें पुन्हां आजारी पडूं शकतें. म्हणजे रोग एक दिसला तरी विषाणु एकाहून अधिक जातींचे आहेत. येथेंहि भुंगेरे गोळा करणाऱ्या मुलाचीच दृष्टि दिसते. पुढें पोलिओविषाणूच्या तीन जाती ठरल्या, व १९५५ सालीं अमेरिकेंत मान्यता पावलेल्या पहिल्या यशस्वी लशींत तिन्ही घालाव्या लागल्या. ही भिन्नता कळली नसती, तर एका जातीपासून रक्षण करणारी लस घेऊन मूल दुसरीला बळी पडलें असतें.

१९३२ व १९३३ हीं दोन वर्षें बर्नेट लंडनजवळील हॅम्पस्टेड येथें राष्ट्रीय वैद्यकसंशोधनसंस्थेंत होते. १९३३ सालीं त्याच संस्थेंत स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ यांनीं मनुष्याचा इन्फ्ल्यूएंझा विषाणु प्रथम वेगळा केला. हा तोच रोग, जो १९१८ सालीं सर्व जगांत पसरला व ज्यानें एकट्या हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. आपल्या खेड्यापाड्यांत मानमोडीची सांथ म्हणून त्याची आठवण राहिली. बर्नेट यांनीं विषाणु वाढविण्यासाठीं कोंबडीच्या उबवत ठेवलेल्या अंड्याचा उपयोग सुरूं केला. अंड्यांत पिलूं वाढत असतें, म्हणजे जिवंत पेशी भरपूर. वर कवचाचें आवरण, म्हणजे बाहेरचे जंतु आंत येत नाहींत. आणि अंडें स्वस्त. अंडें दिव्यासमोर धरून आंतील रक्तवाहिन्या पाहावयाच्या, कवचाला बारीकसें छिद्र पाडावयाचें, सुईनें विषाणु आंत सोडावयाचा व छिद्र बंद करावयाचें. ही पद्धति त्यांनीं पुढील अनेक वर्षें इतकी परिपूर्ण केली कीं, आजहि इन्फ्ल्यूएंझाच्या पुष्कळ लशी अंड्यांतच तयार होतात.

मात्र प्रत्येक प्रयत्नास यश आलें असें नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत नाकांत फवारावयाची इन्फ्ल्यूएंझाची जिवंत लस त्यांनीं तयार केली. सैनिकांवर तिचे प्रयोग झाले. परंतु अपेक्षिलेलें रक्षण मिळालें नाहीं, आणि तें त्यांनीं मान्य केलें. १९४४ सालीं ते हॉल संस्थेचे संचालक झाले व १९६५ पर्यंत त्या पदावर राहिले. इंग्लंड-अमेरिकेंतून मोठमोठीं निमंत्रणें येत असतांहि त्यांनीं मेलबर्न सोडलें नाहीं.

आतां त्यांच्या धैर्याची एक गोष्ट. ऑस्ट्रेलियांत सशांचा उपद्रव फार. ते शेतेंच्या शेतें फस्त करीत. १९५० च्या अखेरीस सशांचा नाश करणारा मिक्सोमा नांवाचा विषाणु मरे नदीच्या खोऱ्यांत डासांच्या द्वारें पसरला व असंख्य ससे मेले. नेमक्या त्याच उन्हाळ्यांत त्याच खोऱ्यांत माणसांमध्यें मेंदूज्वराची सांथ उद्भवली. कांहीं मुलेंहि तिला बळी पडलीं. सशांचा रोगच माणसांना जडला, अशी ओरड झाली. ती अगदींच निराधार म्हणतां येत नव्हती. दोन गोष्टी एकाच वेळीं, एकाच ठिकाणीं घडल्या म्हणजे एकीला दुसरीचें कारण समजणें स्वाभाविक आहे. हॉल संस्थेंत मेंदूज्वराचा विषाणु वेगळा करण्यांत आला व तो अगदीं निराळा असल्याचें दिसलें. तरी लोकांचें भय जाईना. तेव्हां बर्नेट, त्यांचे सहकारी फ्रँक फेनर व शास्त्रसंशोधनमंडळाचे अध्यक्ष इयन क्लूनीझ रॉस या तिघांनीं कित्येक सशांचा प्राण घेईल इतका मिक्सोमा विषाणु स्वतःच्या अंगांत टोंचून घेतला. तिघांनाहि कांहीं झालें नाहीं. ही गोष्ट जाहीर झाल्यावर लोकांचा संशय निवळला. हें साहस आंधळें नव्हतें. हा विषाणु माणसाला बाधत नाहीं, ह्याचा पुरावा त्यांच्यापाशीं आधींच होता. त्या पुराव्यावर आपला स्वतःचा विश्वास किती आहे, तेवढें त्यांनीं लोकांना दाखविलें.

ह्याच सुमारास त्यांच्या मनांतील जुना प्रश्न नव्या रूपानें पुढें आला. शरीर परक्या वस्तूचा प्रतिकार करतें, हें सर्वांस ठाऊक होतें. बर्नेट यांनीं विचारलें कीं, तें स्वतःचा प्रतिकार कां करीत नाहीं? आपलें रक्त, आपलें मांस, आपली त्वचा हीं आपलीं आहेत, हें त्याला कोण शिकवितें? दोन नोंदींनीं त्यांचें लक्ष वेधलें. अमेरिकेंतील रे ओवेन यांनीं १९४५ सालीं दाखविलें कीं, गाईच्या पोटांत ज्या जुळ्या वांसरांच्या रक्तवाहिन्या एकमेकींस जोडलेल्या असतात, त्यांच्या अंगांत जन्मभर दोन्ही प्रकारचें रक्त सुखानें नांदतें. दुसरी नोंद उंदरांची होती. एका विषाणूची बाधा आईच्या पोटांतच झालेलें पिलूं तो विषाणु जन्मभर बाळगतें, परंतु त्याचा प्रतिकार करीत नाहीं. ह्यावरून १९४९ सालीं फेनर यांच्याबरोबर लिहिलेल्या ग्रंथांत बर्नेट यांनीं असें मत मांडलें कीं, 'आपलें' व 'परकें' हा भेद शरीर जन्मापूर्वींच्या काळांत शिकतें. त्या काळांत जें भेटेल तें आपलें. नंतर येईल तें परकें.

मत सुंदर होतें. पण तें सिद्ध कोण करणार? बर्नेट यांनीं स्वतः कोंबडीच्या अंड्यांवर प्रयोग केला. तो फसला, आणि फसल्याचेंहि त्यांनीं प्रसिद्ध केलें. यश आलें तें इंग्लंडांत. पीटर मेडावर, बिलिंगहॅम व ब्रेंट यांनीं १९५३ सालीं उंदराच्या पिलाला जन्मापूर्वीं दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी टोंचल्या. तें पिलूं मोठें झाल्यावर त्याच्या अंगावर त्याच दुसऱ्या जातीच्या उंदराची त्वचा बसविली, आणि ती टिकून राहिली. एकाचा विचार व दुसऱ्याचा प्रयोग असा हा मेळ जुळला, आणि १९६० सालचें नोबेल पारितोषिक बर्नेट व मेडावर यांना मिळून देण्यांत आलें.

तरीहि स्वतः बर्नेट आपलें श्रेष्ठ कार्य म्हणून दुसऱ्याच विचाराकडे बोट दाखवीत. रक्तांतील प्रतिकारक द्रव्यें, म्हणजे प्रतिद्रव्यें, कशीं तयार होतात ह्याविषयीं तोंपर्यंत एक मत रूढ होतें. शिंपी जसा गिऱ्हाइकाचें माप घेऊन अंगरखा बेततो, तसें शरीर परक्या वस्तूचें माप घेऊन प्रतिद्रव्य बेततें, असें तें मत. परंतु अंगरखे शिवतांना शिंप्यांची संख्या वाढत नाहीं; मग सशांत दिसलेली ती पटीची वाढ कोठून येते? १९५७ सालीं बर्नेट यांनीं ऑस्ट्रेलियांतील एका शास्त्रीय मासिकांत अवघ्या दोनतीन पानांत आपलें उत्तर प्रसिद्ध केलें. अमेरिकेंत डेव्हिड टॅल्मेज यांनाहि त्याच वर्षीं तशीच कल्पना सुचली होती.

तें उत्तर शेतकऱ्याच्या मुलाला लवकर समजेल. शेतांत नाना प्रकारचें बीं आधींच पडलेलें असतें. ज्या जातीला मानवेल असा पाऊस येतो, तेवढेंच बीं उगवतें, वाढतें व आपल्यासारखें पुष्कळ बीं मागें ठेवतें. त्याचप्रमाणें शरीरांत संरक्षक पेशींचे असंख्य प्रकार आधींपासूनच असतात, आणि प्रत्येक पेशीला एकच ठराविक प्रतिद्रव्य बनवितां येतें. परका जंतु शिरला म्हणजे तो आपल्याशीं जुळणारी पेशी जणूं निवडून काढतो. ती पेशी दोनाच्या चार, चाराच्या आठ अशी वाढते व प्रतिद्रव्याचा पुरवठा करते. रोग हटल्यावर त्यांतील कांहीं पेशी मागें राहतात. हीच शरीराची आठवण. लस टोंचून आपण रोग न देतां हेंच बीं वाढवून ठेवतों. आणि ज्या पेशी स्वतःच्याच शरीरावर उलटतील, त्या आरंभींच निंदून टाकल्या जातात. हें निंदण अपुरें राहिलें, तर शरीर स्वतःशींच वैर करूं लागतें; संधिवाताचे कांहीं प्रकार व लहान मुलांचा मधुमेह हीं त्याचीं उदाहरणें होत.

ह्या उपपत्तीची परीक्षा लगेच झाली. १९५८ सालीं बर्नेट यांचे शिष्य गुस्ताव नॉसल व अमेरिकन शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनीं एकएक पेशी वेगळी करून पाहिली, तेव्हां एक पेशी एकच प्रतिद्रव्य बनवितांना आढळली. आज रोगप्रतिकारशास्त्राची सर्व इमारत ह्या पायावर उभी आहे.

एवढ्या थोर माणसाचेंहि अनुमान चुकलें नाहीं असें नाहीं. संसर्गजन्य रोगांचा प्रश्न आतां बहुतेक सुटत आला, पुढचा काळ त्या बाबतींत निरस जाईल, असें त्यांनीं उतारवयांत लिहिलें होतें. ३१ ऑगस्ट १९८५ रोजीं ते निवर्तले, तेव्हां एड्स हा नवा विषाणुरोग जगासमोर येऊन चार वर्षें झालीं होतीं. आणि २०२० सालीं कोरोनानें शाळांचीं दारें कशीं बंद केलीं, तें तुमच्यांतील पुष्कळांनीं स्वतः अनुभविलें आहे. त्या वर्षीं तो विषाणु आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेंत वेगळा करण्यांत आला. १९५२ सालीं स्थापन झालेली ही संस्था अशाच कामासाठीं आहे.

आतां आरंभींच्या दोन प्रश्नांकडे वळूं. शरीर आठवण कशी ठेवतें, तें आपण पाहिलें. आईवडिलांनीं भरंवसा कशावर ठेवावा, ह्याचें उत्तर शास्त्र कधींच चुकत नाहीं असें नव्हे. बंडाबर्गच्या १२ मुलांपुढें तसें म्हणण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं. चूक झाली तेव्हां ती झांकली गेली नाहीं; बाटली उघडून तपासली गेली, कारण सांगितलें गेलें व रीत बदलली. ज्यांनीं लोकांना 'भिऊं नका' म्हटलें, त्यांनीं सुई आधीं स्वतःच्या दंडांत टोंचून घेतली. भरंवसा ठेवावयाचा तो अशा वागणुकीवर. म्हणून आईवडिलांनीं लस कोणती, बाटलीची मुदत किती, सुई नवी आहे ना, हें निःसंकोचपणें विचारावें आणि मग मुलाचा दंड निर्धास्तपणें पुढें करावा. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या वहींतील प्रयोग फसला, तर आंकडे खोडून दुसरे लिहूं नका. ज्या सशांच्या आंकड्यांचा अर्थ त्या दिवशीं लागला नाहीं, ते बर्नेट यांनीं तसेच जपून ठेविले होते. तीस वर्षांनीं त्यांचा अर्थ लागला.